एअर रायफल: कोणतं काम घरी, कोणतं मिस्त्रीकडे

"सर, याचा नेमच लागून नाही राहिला."

पावसाळा सरला की हे वाक्य हमखास कानावर येतं. आमच्या गोठ्यामागे १० मीटरची छोटी रेंज आहे. मातीनं भरलेली पोती, लाकडी चौकट, त्यावर कागदी टार्गेट, एवढंच. सातवी-आठवीपासूनची पोट्टी येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, आणि खेड्यातल्या पोराला हे जमतं हे सगळ्यांना दिसलं. तेव्हापासून कापूस विकून आलेल्या पैशातून बाप पोराला एअर रायफल घेऊन देतो, असं दोन-तीन घरांत तरी झालं. रायफल आली की वर्षभरात दुरुस्तीही येते. नागपूर-अमरावतीला बंदूक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे जायचं की घरीच पाना लावायचा, हा प्रश्न तिथून सुरू होतो. हा लेख अशाच नव्या माणसासाठी आहे.

मी एकच कसोटी लावतो. हा भाग बिघडला तर काय होईल? फक्त नेम चुकणार असेल तर काम घरी करून बघायला हरकत नाही. बंदूक आपोआप उडू शकत असेल, किंवा दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटू शकत असेल, तर काम मिस्त्रीचं. काम किती सोपं दिसतं, यावर काहीही ठरवू नका. ट्रिगरचा स्क्रू फिरवण्याइतकं सोपं दुसरं काही नाही, आणि त्याच्याइतकं धोक्याचंही नाही.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करा: आपण छर्ऱ्याच्या एअर रायफलबद्दलच बोलतोय. ४.५ मिलिमीटर नळीची, २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. घरात आजोबांची बारा बोअर असेल, पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक असेल, किंवा ईशापूरची .३१५ रायफल असेल, तर पुढचं एक अक्षरही तिला लागू नाही. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ विनापरवाना बंदूक बनवणं, बदलणं आणि दुरुस्त करणं मना करतं, आणि नळी आखूड करण्याबद्दल कलम ६ वेगळंच आहे. बंदूक तुमची आणि परवानाही तुमचा असला, तरी तो बाळगण्याचा परवाना आहे, दुरुस्तीचा नाही. अशा बंदुकीला घरी फक्त पुसणं आणि तेल लावणं. बाकी सगळं परवानाधारक दुकानात, रजिस्टरला नोंद करून, पावती घेऊन.

आणखी एक. वावरात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर येतात म्हणून "सर, स्प्रिंग जरा कडक टाकून द्या" असं म्हणणारेही येतात. शेतकऱ्याचा जीव किती जळतो ते मला कळतं, माझीही तूर अशीच गेली आहे. पण छर्ऱ्यानं जनावर मरत नाही, सडत फिरतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये हा गुन्हा आहे. शिवाय ताकद वाढवली की २० जूलची रेषा ओलांडायला वेळ लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगानं निघाला तर ताकद १० जूल होते, २८३ मीटरला ती २० वर जाते. स्पर्धेतली महागडी १० मीटर रायफल साधारण १७० मीटर वेगानंच मारते. कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं. १० मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तिथं जोर कामाचा नाही, दर वेळी तोच तो वेग कामाचा.

आता काम. आधी जागा. खोलीत दुसरं कुणी नको, लहान लेकरू तर अजिबात नको. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा. रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली नाही, म्हणजे नळी खाली वाकवून (मोडून) आतली स्प्रिंग दाबून ठेवलेली नाही, हे दोनदा बघा. तोंड कायम मातीच्या पोत्याकडे. डोळ्यावर साधा चष्मा तरी हवा. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, कारण स्क्रू खाली पडला की शेणानं सारवलेल्या जमिनीत सापडत नाही. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: स्प्रिंगवाली रायफल छर्रा न घालता कधीच उडवायची नाही. ट्रिगर ओढला की स्प्रिंग आतल्या पिस्टनला पुढे ढकलते. छर्रा नळीत असला की त्याच्यामागे हवा दाबली जाते आणि ती पिस्टनला गादीसारखी झेलते. छर्रा नसला की पिस्टन थेट लोखंडावर आदळतो, दर वेळी. पिस्टनचं सील (हवा अडवणारं कडं) आणि स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य तिथं संपतं. दुकानात रायफल हातात घेऊन 'टक' करून बघणाऱ्या पाहुण्याला आधीच थांबवा.

पहिली पायरी: स्क्रू. नेम गेला म्हणून आणलेल्या रायफलींपैकी बऱ्याच मी फक्त स्क्रू आवळून परत दिल्या आहेत. स्प्रिंगची रायफल झटका दोन्ही दिशांना देते, आधी मागे आणि पिस्टन थांबला की पुढे. त्यामुळे दस्त्याच्या, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाच्या, पुढच्या बाजूचे दोन स्क्रू आणि ट्रिगरच्या कडीजवळचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा पेचकस घ्या. अरुंद पेचकसानं खाच खराब होते आणि मग तोच स्क्रू मिस्त्रीकडे न्यावा लागतो. हातानं घट्ट होईस्तोवर फिरवा, मग थोडासा अजून. लाकूड दाबलं जाईल इतकं नको. त्यानंतर मागची साईट, म्हणजे नेम धरायची खाच, हलवून बघा, तिचाही स्क्रू असतो. ती ढिली असेल तर एकाच नेमाचे पाच छर्रे पाच ठिकाणी जातील. साईट जुळवताना एवढंच ध्यानात ठेवा की मागची साईट त्याच बाजूला सरकवायची, जिकडे छर्रा जायला हवा. छर्रा डावीकडे लागतोय तर साईट उजवीकडे. पुढची माशी (नळीच्या टोकावरची साईट) सरकवत असाल तर नेमकं उलटं.

हे झाल्यावर दहा छर्रे मारा. नीट एका जागी येत असतील तर रायफल बंद करा आणि सरावाला लागा. पुढं वाचायची गरज नाही.

नसतील, आणि छर्राही आधीपेक्षा मंद जातोय असं वाटत असेल, तर दुसरी पायरी: हवा कुठून गळते ते शोधणं. नळी जिथं मोडते त्या सांध्यावर, म्हणजे ब्रीचवर, टिश्यू पेपरची बोटभर पट्टी ठेवा. टिश्यू नसेल तर कापसाचा पिंजलेला फुलोरा चालतो, आपल्याकडे तो कमी नाही. छर्रा घालून पोत्यात मारा. पट्टी फडफडली किंवा उडाली, तर ब्रीचचं सील गेलंय. ते काम घरी होतं. पट्टी जागची हलली नाही आणि तरी छर्रा मंद असेल, तर दोष आतला आहे: पिस्टनचं सील किंवा स्प्रिंग. तिथं थांबा, रायफल मिस्त्रीची. कॉक करताना खरखर लागणं किंवा उडाल्यावर तार छेडल्यासारखा आवाज येणं, याचा अर्थही बहुतेक तोच.

ब्रीच सील म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाभोवती खाचेत बसलेलं एक छोटं कडं. जुन्या रायफलींत चामड्याचं, नव्यांत रबराचं किंवा पॉलियुरेथेनचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली ठेवलेल्या रायफलीचं रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं, वर बारीक तडे जातात, मग पावसाळ्यात हवा गळायला लागते. म्हणून तर हे गाऱ्हाणं पावसाळ्यानंतर येतं.

जुनं सील काढण्यासाठी नळी पूर्ण मोडू नका. बहुतेक रायफलींत सुरुवातीला नळी सहज उघडते आणि थोड्या अंतरावर स्प्रिंगचा जोर लागायला सुरुवात होते. जोर लागला की थांबा. तेवढ्यात ब्रीचचं तोंड दिसतं आणि काम होतं. उघडलेली रायफल कॉक झाली आणि चुकून ट्रिगर सुटला, तर नळी फटकन मिटते आणि मध्ये बोट असेल तर बोट जातं. दुसऱ्या माणसानं नळी हातानं धरून ठेवली तर उत्तम. त्याचा दुसरा हात ट्रिगरपासून लांब, पाठीमागे.

आता शिवणाची जाड सुई घ्या आणि सीलच्या आतल्या कडेनं घालून हळूच उचका. खाचेच्या लोखंडावर ओरखडा पडता कामा नये, कारण नवं सील कितीही चांगलं असलं तरी हवा त्या ओरखड्यातून गळते. म्हणून सुई रबरातच रुतवायची. जुनं सील तुकड्या-तुकड्यांत निघालं तरी चालेल, पण एकही तुकडा खाचेत राहू देऊ नका. कोरड्या सुती कापडाच्या टोकानं खाच पुसून काढा. रॉकेल-पेट्रोल नको.

जुनं सील फेकायचं नाही. ते कागदाच्या पुडीत घालून तालुक्याला न्या. फवारणी पंप किंवा हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या दुकानात ओ-रिंगा मिळतात. ओ-रिंगची मापं दोन: आतला व्यास आणि रबराची जाडी. नुसतं "एवढं मोठं द्या" म्हणून मिळालेलं कडं घरी येऊन बसत नाही, हा माझा अनुभव. लेथच्या दुकानात व्हर्नियर असतो, तिथून माप करून घ्या. शक्य असेल तर कंपनीचंच सील मागवा. काळी रबरी ओ-रिंग तात्पुरती चालते, फक्त लवकर झिजते. एकदम दोन-चार आणून ठेवा, कडं चहाच्या कपापेक्षा महाग पडत नाही.

नवं कडं खाचेत बोटानं दाबून बसवा. ते ब्रीचच्या सपाटीपेक्षा केसभर वर आलं पाहिजे. नळी मिटताना ते दबतं, म्हणून हवा अडते. सपाटीला किंवा खाली बसलं तर सील असून नसल्यासारखं. अशा वेळी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं बारीक कडं कापून सीलच्या खाली घाला. उलट फार वर आलं तर नळी मिटायला जोर लागतो आणि कडेचं रबर चिरतं. नळी मिटताना थोडासाच दाब जाणवायला हवा. परत टिश्यूची पट्टी ठेवा, छर्रा घाला, मारा. पट्टी शांत राहिली की झालं.

आता तेलाबद्दल, कारण सगळ्यात जास्त रायफली तेलानंच मारल्या जातात. माझी पहिली रायफल मीच मारली. नळीतून आवाज येतो म्हणून ब्रीचच्या भोकातून खोबरेल तेलाचे चार थेंब आत सोडले. पहिल्याच छर्ऱ्याला फटाक्यासारखा आवाज आला, भोकातून धूर निघाला, आणि मला वाटलं रायफलीत जोर आला. खरं तर पिस्टननं हवा इतकी झटकन दाबली की तेल तापून पेटलं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. चार-पाच छर्ऱ्यांत पिस्टनचं सील जळून गेलं आणि रायफल दोन महिने मिस्त्रीकडे पडून राहिली. म्हणून आतल्या नळकांड्यात मशीन तेल, खोबरेल, इंजिन ऑइल, काहीच घालू नका. बाहेरच्या लोखंडाला मात्र पावसाळ्यात रोज तेलाचं फडकं फिरवा. घामाचा हात लागलेल्या जागी एका रात्रीत गंज धरतो. नळी मोडते त्या बिजागरीला थेंबभर ग्रीस पुरे.

दस्त्याची लांबी हेही घरचंच काम. बारा-तेरा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचा दस्ता लांब पडतो, उंच मुलीला आखूड. आखूड असेल तर मागची रबरी पट्टी काढून मध्ये प्लायचे तुकडे घाला आणि लांब स्क्रूनं पट्टी परत बसवा. गाल टेकत नसेल तर फोमचा तुकडा सायकलच्या जुन्या ट्यूबनं गुंडाळा. लांब दस्ता कापायचा असेल तर गावातला सुतार तुमच्यापेक्षा सरळ कापतो. त्याच्याकडे नेताना लोखंडी भाग घरी काढून ठेवा आणि फक्त लाकूड न्या. कापण्याआधी पोर दोन वर्षांत किती वाढेल याचा विचार करा.

घरची कामं इथं संपली. ट्रिगर यात नाही, आणि तो का नाही ते नीट समजून घ्या.

आत एक खटका पिस्टनला अडवून धरतो: खटक्याचा कान पिस्टनच्या कानात अडकतो. हे दोन लोखंडी कान एकमेकांत किती अडकलेत, त्यावर ट्रिगर जड की हलका ते ठरतं. त्या कानांना वरून कडकपणा दिलेला असतो, तो थर अगदी पातळ. ट्रिगर हलका करायचा म्हणून कानस लावली की थर निघून जातो आणि खाली मऊ लोखंड उरतं. पहिले पन्नास छर्रे ट्रिगर लोण्यासारखा वाटतो. मग मऊ लोखंड झिजतं, आणि एक दिवस नळी मिटवताना बंदूक आपोआप उडते. आमच्याकडच्या एका मुलानं चुलत भावाकडून असं घासून आणलं होतं. रायफल उडाली तेव्हा तोंड पोत्याकडे होतं, म्हणून ही गोष्ट मी शांतपणे सांगू शकतो. त्या दिवशी मी रेंज बंद केली आणि सगळ्यांच्या रायफली एक-एक करून तपासल्या. ट्रिगरला बाहेरून स्क्रू असला तरी कंपनीच्या पुस्तकात त्याची सोय सांगितली नसेल तर हात लावू नका. सांगितली असेल तर पाव फेरी, त्याहून जास्त नाही, आणि जुनी जागा पेन्सिलीनं आधी मारून ठेवा.

मुख्य स्प्रिंगचं कारण वेगळं. रायफल कॉक नसली तरी ती आत दाबलेलीच असते. मागचं बूच किंवा पिन काढली की ती सगळा जोर घेऊन बाहेर येते. मिस्त्रीकडे तिला धरून हळूहळू सोडायचं शिकंजासारखं साधन असतं. सुताराच्या क्लॅम्पनं हे करणारे लोक मी बघितले आहेत. तोंडासमोरून लोखंड सुटायचं नसेल तर ते करू नका.

मिस्त्रीकडे जाण्याचा खर्च नुसत्या मजुरीचा धरू नका. एसटीचं भाडं दोन वेळा, रोजी बुडालेले दोन दिवस, आणि वेचणीच्या दिवसांत घरचे बोलतील ते वेगळं. म्हणून आम्ही गावच्या सगळ्या रायफली उन्हाळ्यात, वावरात काम नसतं तेव्हा, एकदम नेतो. एक माणूस जातो, सगळ्यांचा खर्च वाटला जातो. रायफल बंद बॅगेत न्या, खरेदीचं बिल आणि आधारची प्रत सोबत ठेवा. बाजारात खांद्यावर उघडी रायफल दिसली की लोक घाबरतात, आणि त्यांचं चूक नाही.

सोबत एक चिठ्ठी द्या: रायफलीचं नाव, किती वर्षांची, काय त्रास आहे, कधीपासून. घरी काय-काय उघडलं तेही लिहा. इथं लाजून लपवलं तर मिस्त्री चुकीच्या जागी शोधत बसतो, आणि पैसा तुमचाच जातो. तेल घातलं असेल तर सांगा, ट्रिगर फिरवला असेल तर सांगा. "ताकद वाढवू नका, कंपनीच्याच मापाची स्प्रिंग टाका" हे चिठ्ठीत ठळक लिहा. काढलेला जुना भाग परत मागा. पुढच्या वेळी माप त्यावरून मिळतं, आणि भाग खरंच बदलला हेही कळतं.

दुकानातून निघण्याआधी त्यांच्याच पोत्यात पाच छर्रे मारून दाखवायला सांगा. नळी मिटवताना खटका धरतो का, आणि तोंड पोत्याकडे ठेवून दस्ता रबरी चटईवर ठोकला तरी रायफल कॉकच राहते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. घरी आल्यावर तारीख, काय बदललं आणि पहिल्या वीस छर्ऱ्यांचं टार्गेट वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर पोरगं "नेम लागून नाही राहिला" म्हणालं की आधी ती वही उघडा, मग पेचकस घ्या.